उन्हातली वाट आणि पाण्याचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयास विद्वान मंडळी येतात, असा आपला शिरस्ता आहे. मी विद्वान नव्हे. माझी शाळा दहावीपाशी सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या खात्यात, युनियनच्या कचेरीत आणि संध्याकाळी वाचनालयात. १८६४ साली स्थापन झालेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि १८९३ सालचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय ही माझी दोन विद्यापीठे. तेथे वर्गणी माफक असते आणि परीक्षा नसते. तेव्हा माझ्या बोलण्यात काही उणे आढळले तर तो दोष विद्यार्थ्याचा समजावा, विद्यापीठांचा नव्हे.

आजचा विषय मला एका तरुणाने दिला. हा मुलगा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे, आमच्या युनियनचा सभासद आहे आणि त्याला धावण्याचे वेड आहे. गेल्या फाल्गुनात तो कचेरीत येऊन म्हणाला, "भाऊ, मे महिन्यात सह्याद्रीतल्या पायवाटेने पन्नास किलोमीटर धावायचं आहे. उन्हाची तयारी कशी करू?" मी हसलो. मी गाडी पकडायलासुद्धा धावत नाही, पुढची येतेच. पण तो गेल्यावर हसू ओसरले आणि प्रश्न मात्र टेबलावर राहिला. त्याचे कारण सांगितल्यावाचून पुढचे बोलणे प्रामाणिक होणार नाही.

वीसएक वर्षांपूर्वी, अशाच मे महिन्यात, आम्ही कल्याणहून ठाण्याला जिल्हाधिकारी कचेरीवर पायी मोर्चा नेला. संघटक मी होतो. निघायचे होते सहाला; भाषणे झाली, वार्ताहरांची वाट पाहिली, आणि निघालो नऊला. पाण्याचा टँकर होता, पण तो ध्वनिक्षेपकाच्या गाडीबरोबर पुढे निघून गेला. शीळफाट्यापर्यंत घोषणा जोरात होत्या. मुंब्र्याच्या अलीकडे आमचा एक जुना सहकारी, भट्टीवर काम करणारा दणकट गडी, असंबद्ध बोलू लागला. आम्हांला वाटले, रागावला आहे. मग तो रस्त्याच्या कडेला बसला आणि आडवा झाला. अंगाला हात लावला तो चटका बसावा इतके तापलेले. आम्ही त्याच्या तोंडात पाणी ओतण्याचा प्रयत्न करीत राहिलो आणि रिक्षा शोधीत राहिलो. अंगावर पाणी ओतावे हे कोणाला सुचले नाही. तो वाचला, पण पुन्हा भट्टीपुढे उभा राहण्याजोगा झाला नाही. पुढे भेटायला गेलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुम्ही झेंडे मोजून घेतले होते. हंडे मोजले नव्हते."

हे वाक्य मी तेव्हापासून बरोबर घेऊन हिंडतो आहे. उन्हातून लांबच्या वाटेवर निघायचे तर हंडे कोणी मोजायचे, कसे मोजायचे, हे माणसाला केव्हा कळले आणि कोणाच्या जिवावर कळले, एवढाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आरंभ आपल्याच अंगणातून करू. कल्याणहून घाटावर जाणाऱ्या अतिशय जुन्या वाटांपैकी एक नाणेघाटाची. मुरबाड, टोकावडे, वैशाखरे अशी ती सह्याद्रीच्या भिंतीला भिडते, वर चढते आणि जुन्नरला जाते. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळात, कल्याण बंदरात उतरलेला माल या वाटेने घाटावर जात असे. त्या काळातल्या एका ग्रीक खलाशाच्या 'पेरिप्लस' या वृत्तान्तात कल्याणचे नाव आहे. आमचा तरुण मित्र ज्या वाटांवर आज हौसेने धावतो, त्यांवरून तेव्हा ओझ्याची जनावरे चालत आणि त्यांच्याबरोबर ती हाकणारी माणसे चालत.

नाणेघाटाच्या माथ्याशी एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. कोणकोणते यज्ञ केले, किती गाई, किती घोडे, किती नाणी दक्षिणा दिली, याची त्यात यादी आहे. मागच्या भिंतीत राजघराण्यातील स्त्रीपुरुषांच्या मूर्ती होत्या. त्यांची कोरलेली नावे वाचता येतात. मूर्ती मात्र नाहीशा झाल्या आहेत, काहींच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. इतिहासाची पुस्तके या लेण्यापाशी पुष्कळ वेळ थांबतात, आणि ते योग्यच आहे. माझ्यासारख्याचे लक्ष मात्र आसपासच्या कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांकडे जाते. त्यांतल्या एका टाक्याजवळ लहानसा लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाने हे टाके दान दिले, एवढाच त्याचा मजकूर. टाक्याला त्यात 'पोढी' हा शब्द आहे. तिकडे कान्हेरीच्या लेण्यांतही अशा पोढींचे लेख आहेत, आणि त्यांतली एक पोढी कल्याणच्या एका सोनाराने दिलेली आहे.

या गोविंददासाने काय केले ते पाहा. तो राहणारा समुद्रकाठचा. पाण्याचे टाके त्याने आपल्या दारात खोदले नाही. चढ संपतो, घसा सुकतो आणि पाय जड होतात अशा जागी खोदविले. वाटेवर कोणाला, कोठे आणि केव्हा तहान लागणार याचा विचार त्यात आहे. वैशाखात पाणपोई घालण्याची आणि अक्षय्यतृतीयेला पाण्याने भरलेला घडा दान देण्याची आपली रीत याच जातीची. आपण तिला पुण्य म्हणतो. मी तिला नियोजनही म्हणतो. राजाने किती गाई दिल्या ते भिंतीवर राहिले. पण चढून आलेल्या हमालाला गोविंददास अधिक उपयोगी पडला असावा.

आता अठराशे वर्षे ओलांडून त्याच कल्याणात येऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी, ऐन उन्हाळ्यात, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. १ मे १८५४ ला ती कल्याणास पोचली. कल्याणपाशी लोहमार्गाला दोन फाटे फुटतात: एक बोरघाटाने पुण्याकडे, दुसरा थळघाटाने नाशिककडे. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला, थळघाटाचा १८६५ मध्ये. हे दोन्ही घाट हातांनी फोडलेले आहेत. १८६१ च्या सुमारास एकट्या बोरघाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर काम करीत होते. पावसाळ्यात काम थांबे, म्हणजे कातळ फोडायचा तो कोरड्या महिन्यांत, आणि त्यांतले शेवटचे महिने चैत्र-वैशाखाचे. ताप, पटकी आणि अपघात यांनी हजारो माणसे मेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये हिंदुस्थानात येऊन काही आठवड्यांतच मरण पावला; त्याची पत्नी ॲलिस हिने काम पुढे तडीस नेले. तिचे धैर्य मोठे होते यात शंका नाही. पण ट्रेडवेल पतिपत्नींची नावे आपल्याला ठाऊक आहेत, कातळ फोडणाऱ्यांची नाहीत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाफेचे इंजिन पाण्यावाचून चालत नाही, म्हणून मार्गावर ठराविक अंतराने पाण्याच्या टाक्या बांधल्या गेल्या. इंजिनाला किती मैलांवर तहान लागेल याचा हिशेब पहिल्या दिवसापासून चोख होता. आजही तसेच आहे. लांब जोडलेले रूळ उन्हाने प्रसरण पावतात आणि वाकण्याची भीती असते. म्हणून रुळांचे तापमान मोजतात. ते ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की उन्हाळी गस्त सुरू होते, म्हणजे एक माणूस भर दुपारी खडीतून चालत रूळ वाकला तर नाही ना हे पाहात जातो. हा नियम उत्तम आहे. त्याने असंख्य प्रवाशांचे प्राण राखले आहेत. माझी शंका एवढीच की, रुळाच्या अंगाला जसा तापमापक लावतात तसा हिशेब त्या चालणाऱ्या माणसाच्या अंगाचा कोणी केला काय?

तो हिशेब काय असतो, हे आता थोडक्यात सांगतो. आपल्या शरीराचे आतले तापमान सदतीस अंशांच्या आसपास असते. धावताना स्नायू उष्णता निर्माण करतात. ती बाहेर टाकण्याचे मुख्य साधन घाम. पण घाम येणे आणि घाम वाळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक लिटर घाम अंगावरच पुरता वाळला तर सुमारे पाचशे ऐंशी किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अंगावरून ठिबकला तर जवळजवळ काहीच नेत नाही. आपल्या घरातला माठ पाहा. तोच माठ नागपूरला नेला तर पाणी गार होते, आणि ठाण्यात ठेवला तर नुसते कोमट न राहिले म्हणजे मिळवली. हवा दमट असली की माठाचे पाणी झिरपते पण वाळत नाही. आपली अंगे म्हणजे माठच. म्हणून जळगावचे बेचाळीस अंश ऐकून आपण हळहळतो आणि कल्याणच्या छत्तीस अंशांकडे दुर्लक्ष करतो, ही चूक आहे. नुसता तापमानाचा आकडा पाहू नये. दमटपणा, ऊन आणि वारा धरून पाहावे. अमेरिकेतल्या नाविक सैनिकांच्या तळावर शिक्षणार्थी जवान उन्हाने पडू लागले तेव्हा १९५० नंतरच्या दशकात या सर्वांचा मिळून एक निर्देशांक तयार झाला, आणि आज शर्यती थांबवायच्या की चालू ठेवायच्या हे त्यावरून ठरवितात.

आतले तापमान चाळिसाच्या पलीकडे गेले आणि मेंदू गोंधळला, म्हणजे उष्माघात. असंबद्ध बोलणे ही त्याची मोठी खूण. माझ्या सहकाऱ्याला राग आला नव्हता. त्याचा मेंदू तापला होता.

आता दुसरा भाग: शरीराला सवय कशी होते? बेताबेताने रोज उष्णतेत काम केले तर आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर बदलते. घाम लवकर सुटतो, अधिक सुटतो, आणि त्यात मीठ कमी जाते. रक्तातले पाणी वाढते. त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. आणि सवय सुटली, तर काही आठवड्यांत हे सारे ओसरते. हे शास्त्र आज प्रत्येक धावपटूला प्रशिक्षक शिकवितो. पण ते प्रथम शिकले गेले ते मैदानावर नव्हे, खाणीत.

दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँड येथील सोन्याच्या खाणी खोल गेल्या तशा तापल्या. तळाशी दगड गरम, आणि धूळ बसविण्यासाठी मारलेल्या पाण्याने हवा दमट. १९२० नंतरच्या दशकात तेथे कृष्णवर्णीय मजूर उष्माघाताने मरू लागले. मालकांच्या डॉक्टरांनी शोध केला, आणि १९३५ मध्ये ड्रेओस्टी या डॉक्टराने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले: नव्या माणसाला एकदम खाली पाठवू नका, आधी उष्णतेची सवय करा. पुढे विंडहॅम प्रभृतींनी यासाठी खास तापविलेल्या खोल्या बनविल्या. त्यांत नवे मजूर रोज काही तास ठेक्यावर पायरी चढउतार करीत आणि मग त्यांना खाली धाडीत. यात भूतदया किती आणि सोन्याचा हिशेब किती, हे मी सांगायला नको. पण त्या खोल्यांतून मिळालेले ज्ञान खरे होते. इंग्लंडमध्ये त्याआधी, १९२३ साली, मॉस नावाच्या संशोधकाने खोल कोळसाखाणीतल्या मजुरांना पेटके का येतात याचा छडा लावला. घामाने मीठ जाते, आणि तहानेपोटी नुसतेच पाणी प्याल्याने रक्तातले मीठ आणखी पातळ होते. पाण्यात चिमूट मीठ घातले की पेटके थांबत. आपल्या ताकात, पन्ह्यात, पेजेत मीठ का असते याचे उत्तर त्या कोळशाच्या खाणीत लेखी मिळाले.

तेव्हा मी त्या तरुणाला सांगितले की, बाबा, तू पाठीवर पाण्याची जी पिशवी बांधतोस तीत मजुरांची कमाई आहे.

मग शर्यतीवाल्यांना हे कधी कळले? उशिरा, आणि जबर किंमत देऊन. १९०४ साली सेंट लुईस येथल्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन भर दुपारी, धुळीच्या रस्त्याने झाली. चाळीस किलोमीटरच्या वाटेवर पाण्याची सोय नावापुरती होती, कारण पाण्यावाचून माणूस किती तग धरतो हे पाहण्याची आयोजकांना जिज्ञासा होती. बत्तीस निघाले, चौदा पोचले. १९१२ साली स्टॉकहोमला पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो धावला. तो व्यवसायाने सुतार होता. ऊन लागू नये म्हणून त्याने अंगाला चरबी का मेण चोपडले होते असे सांगतात. त्याने घामाची वाटच बंद झाली. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. तो भित्रा नव्हता, आळशी नव्हता. घरी त्याने शर्यती जिंकलेल्या होत्या. त्याच्या हिंमतीत काही उणे नव्हते. ज्ञानात उणे होते, आणि तेही त्याच्या एकट्याच्या नव्हे.

"आपल्या लोकांना उन्हाची सवयच असते," हे वाक्य मी मालकांच्या तोंडून ऐकले आहे आणि पुढाऱ्यांच्याही. त्यात अर्धेच सत्य आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावताना पाहून दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि १९२० मध्ये ॲन्टवर्प ऑलिंपिकला आपले धावपटू गेले, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. बेळगावकडचा फडेप्पा दरेप्पा चौगुले त्या मॅरेथॉनमध्ये, पावसात आणि गारठ्यात, बेचाळीस किलोमीटरहून लांब पल्ल्यावर एकोणिसावा आला. शेतीत आणि उन्हात घडलेल्या शरीरात काय ताकद असते याचा हा पुरावा आहे. पण सवय म्हणजे जातीचा गुण नव्हे. ती कमवावी लागते आणि गमावताही येते. चार आठवडे तापाने अंथरुणावर असलेला गँगमन, गावाहून पंख्याखालची सुटी संपवून आलेला भट्टीवाला, दिवसभर वातानुकूलित कचेरीत बसणारा धावपटू, या तिघांनाही उन्हापुढे नव्याने पहिलीत बसावे लागते. आणि सवय असलेल्यालाही पाणी, सावली लागतेच. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर उघड्या उन्हात झालेल्या शासकीय पुरस्कार समारंभाच्या वेळी चौदा माणसे उष्माघाताने गेली. ती धावत नव्हती, बसली होती. ती आपल्याच भागातली, आपल्याच उन्हात वाढलेली माणसे होती.

आता त्या तरुणाला मी काय उत्तर दिले ते सांगतो. डॉक्टरांना दाखवून, पुस्तकांशी ताडून आम्ही एक कागद तयार केला. त्यातली मुख्य कलमे अशी.

शर्यतीच्या आधीचे चौदा दिवस उन्हाच्या सवयीसाठी राखून ठेवायचे. पहिल्या दिवशी वीस-तीस मिनिटेच, हळू. मग रोज थोडे थोडे वाढवून तास-सव्वा तासापर्यंत. वेग पाहायचा नाही, हृदयाचे ठोके पाहायचे. ताप, जुलाब किंवा जागरण झालेले असेल त्या दिवशी धावायचे नाही. दारू तर नाहीच.

धावण्यापूर्वी आणि नंतर वजन करायचे. एका तासात वजन एक किलो घटले, तर सुमारे एक लिटर घाम गेला. आपला घाम आपण मोजायचा. दुसऱ्याच्या मापाने पाणी प्यायचे नाही. कमी पिणे वाईट, आणि घटीहून अधिक नुसते पाणी ढोसणेही वाईट. त्याने रक्तातले मीठ उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. ताक, कोकमचे सरबत, मीठ घातलेली पेज, नाहीतर जीवनजल: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा तोच, सपाट भरून. ज्या पटकीने घाटातले मजूर मेले तिच्यावर १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच जातीच्या पाण्याने असंख्य जीव वाचविले.

नाणेघाटासारख्या वाटेवर सरावाला जायचे तर पहाटे, अंधार असतानाच निघायचे आणि ऊन चढण्यापूर्वी चढ संपवायचा. सकाळी दहानंतर तो काळा कातळ खालूनही भाजतो. टाक्यांतले पाणी पाहून आनंद मानावा, पण गाळून उकळल्यावाचून पिऊ नये. एकट्याने जायचे नाही. कोठे पाणी आहे, कोठे सावली आहे, कोठून रस्त्याला उतरता येते, हे आधी चालून कागदावर लिहायचे.

आणि शेवटचे कलम मी स्वतः घातले. कोणी असंबद्ध बोलू लागला, पाय लटपटू लागले, की शर्यत तेथेच संपली. आधी सावली, कपडे सैल, अंगभर पाणी, वारा, असेल तर मानेशी, काखेत, जांघेत बर्फ. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतायचे नाही. एकशेआठला फोन लावायचा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंग गार करीत राहायचे. आधी थंड करायचे, मग हलवायचे. हे मला मुंब्र्याच्या रस्त्यावर ठाऊक असते तर एक माणूस भट्टीपुढे परत गेला असता.

मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा नाशिकहून निघाला. सहा तारखेला निघून कसारा घाट उतरून, सुमारे एकशेऐंशी किलोमीटर चालून, तो अकराला ठाण्यातून मुंबईत शिरला. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांना त्रास होऊ नये म्हणून ती माणसे रात्रीच चालून बाराच्या पहाटे आझाद मैदानावर पोचली. त्यांच्या पायांचे फोड आपण वर्तमानपत्रांत पाहिले. ठाण्यात आम्ही काही जण रस्त्याच्या कडेला उभे होतो. त्या दिवशी मी झेंडा घेतला नव्हता. हंडे मोजून घेतले होते. एक म्हातारी पाणी पिऊन उरलेले पायांवर ओतू लागली. तिला दुसरा तांब्या भरून दिला. ती म्हणाली, "पोरा, मागं अजून लई माणूस हाय, समद्यांना पुरंल का?" वाटेवरच्या शेवटच्या माणसाचा हिशेब तिने माझ्याआधी केला होता.

कायद्यानेही हा हिशेब काही काळ केला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या अठराव्या कलमात पिण्याच्या पाण्याची सक्ती होती, आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात ते थंड करून देण्याची. त्या ओळीसाठी आमच्या आधीच्या पिढ्या झगडल्या. २०२० मध्ये संसदेने जुने कायदे नव्या संहितांत गुंफले. पण पाण्याची ओळ कारखान्याच्या फाटकापाशी थांबत असे. फाटकाबाहेर, डोंबिवलीच्या जिन्यांवरून खाद्यपदार्थ पोचविणारी पोरे दुपारी एकला धावतात. नाक्यावरचे बांधकाम मजूर स्लॅबवर उभे असतात. त्यांच्या धावण्याला पदक नसते आणि पाणपोईही नसते.

ही सारी हकिगत मी त्या तरुणाला सांगितली, आणि तो कागद घेऊन तो गेला. पंधरा दिवसांनी परत आला. मला वाटले, सरावाविषयी काही विचारील. त्याने कागद पुढे ठेवला आणि चौदा दिवसांच्या कलमावर बोट ठेवले. म्हणाला, "भाऊ, मी हौसेने धावतो, तर मला चौदा दिवस. आमच्या खात्यात सोमवारी चार नवी कंत्राटी पोरं आली. पहिल्याच दिवशी भट्टीपुढं पुरी पाळी. त्यांना हा कागद का नाही?"

मित्रहो, तीस वर्षे मी मागणीपत्रे लिहीत आलो आहे. पगार, बोनस, रजा, सगळे लिहिले. हे कलम मला सुचले नव्हते. शोधले तेव्हा कळले की, उष्णतेने होणारे कामगारांचे मृत्यू बहुधा कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात, आणि त्यावर शिफारस परदेशात केव्हाच झालेली आहे: नव्या माणसाला पहिल्या दिवशी उष्णतेत पाळीचा पाचवा हिस्सा ठेवावे, आणि रोज पाचवा हिस्सा वाढवावा. पाच दिवसांत पुरी पाळी. यासाठी यंत्र लागत नाही, इमारत लागत नाही.

यंदाच्या मागणीपत्रात हे कलम आम्ही घातले आहे: नव्या कामगारास आणि आजारातून परतलेल्यास उष्णतेची सवय होईपर्यंत चढत्या वेळेने काम, मिठाचे पाणी, सावलीची जागा आणि शेजारच्या माणसावर लक्ष ठेवण्याचे प्रत्येकाला शिक्षण. व्यवस्थापनाने कागद ठेवून घेतला आहे. उत्तर अजून आलेले नाही. त्या चार पोरांपैकी तिघे कामावर आहेत; चौथा पहिल्या आठवड्यातच घेरी येऊन गावाला परतला.

शर्यत येत्या पंधरवड्यात आहे. आमचा गडी पहाटे चारला उठतो, वजन करतो, वहीत लिहितो. आपण येथून घरी जाताना वाटेत कोठे पाणपोई दिसली, तर तिच्यात पाणी आहे ना एवढे पाहून जावे, आणि नसले तर भरावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.